तोडली की दुप्पट फुटते: येडी बाभळ परत का येते आणि आपण कुठं चुकतो

उन्हाळ्यात बांधावरची येडी बाभळ तोडली, पाऊस पडला आणि दसऱ्यापर्यंत एका खोडाच्या जागी आठ-दहा फोक उभे राहिले. असं तुमचंही झालं असेल तर पुढचं वाचा. माझ्याकडं ती तीन वेळा परत आलीय, तेही एकाच रानात. तीनही वेळा चूक वेगळी होती, म्हणून लिहायला बसलोय.

आमचं रान कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी तालुक्यात, कृष्णेपासून लांब, जतकडच्या कोरड्या अंगाला. काळी जमीन, पाऊस बेभरवशाचा. ज्वारी, तूर, थोडा हरभरा. एका कडेला ओढा आणि ओढ्याच्या काठानं लांबलचक बांध. या बांधावर जे उगवतं त्याला गावात निम्मे लोक येडी बाभळ म्हणतात आणि निम्मे बळ्ळारी जाली. कोळशाचा गुत्तेदार नुसतं ‘जाली’ म्हणतो. शास्त्रातलं जुनं नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. हे झाड मूळचं इथलं नाही, मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकापर्यंतचं आहे. 1877 च्या सुमाराला जमैकातलं बी मद्रास इलाख्यात आणून कडप्पा भागात लावलं, जळणाची सोय म्हणून. कच्छच्या बन्नी गवताळ रानात 1960 च्या दशकात वनखात्यानं लावली, रणातला खार पुढं सरकू नये म्हणून. तिथले लोक आता तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात, म्हणजे येडी बाभळच. दोन भाषांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच नाव ठेवलं, यावरून काय ते समजा.

आधी झाड तेच आहे ना, ते बघा

हे वाचून हसू नका. दुसऱ्या खेपेला मी गड्यांना सांगितलं होतं, “बांधावरचं काटेरी सगळं काढा.” त्यांनी सगळंच काढलं. त्यात कोपऱ्यावरची शमीही गेली, जिची पानं आई दर दसऱ्याला तोडायची. आमच्याकडं दसऱ्याला आपट्याबरोबर शमीही वाटतात. कन्नड शेजारी तिला बन्नी म्हणतात आणि हातावर ठेवताना “बन्नी तगोंड बंगारदंग इरोण” म्हणतात, म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहूया. त्या दसऱ्याला आई चुलतभावाच्या रानातून पानं मागून आणायला गेली. मला काही बोलली नाही, आणि न बोलणंच जास्त लागलं.

शमी आणि येडी बाभळ दिसायला जवळच्या, कारण कुळ जवळचं. फरक काट्यात बघायचा. येडीचा काटा पान जिथून निघतं त्या बेचक्यात असतो, बहुतेक वेळा जोडीनं, आणि फांदी पेऱ्या-पेऱ्याला वाकडी होत नागमोडी जाते. शमीचे काटे बारके, बुडाशी रुंद, आणि दोन पेऱ्यांच्या मधल्या जागेत कुठंही विखुरलेले. देशी बाभळीला पिवळ्या गोल गोंड्यांची फुलं येतात आणि तिची शेंग मण्यांच्या माळेसारखी, दोन बियांच्या मधे आवळलेली असते. येडीचं फूल बोटभर लांब, हिरवट पिवळं, लोंबतं. शेंग पिवळी, बरीचशी सरळ, आणि चावली तर गोड लागते. हिवर आपल्याकडं ओढ्याकाठी असतो, त्याची साल पांढरट असते, तो लांबूनच ओळखू येतो. तोडायच्या आधी ठेवायच्या झाडांना चुन्याचा पट्टा मारा. गडी नवीन असले तर हे सोडूच नका.

परत आली म्हणजे नक्की कुठून आली?

माझी सगळी फसगत या एका प्रश्नात होती. ‘परत आली’ हे आपण एकाच गोष्टीसारखं बोलतो, पण ती दोन वाटांनी येते आणि दोन्ही वाटांचा इलाज वेगळा आहे. एक वाट जुन्या बुडख्यातून, म्हणजे तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या बुडातून, दुसरी बियातून. बियातून आलेलीला तुम्ही पहारीनं खणत बसलात तर वेळ वाया, आणि बुडख्यातून फुटलेलीला खुरप्यानं छाटत बसलात तर ती उलट दाट होते.

बघायचं कसं? एक फुटवा धरा आणि त्याच्या बुडाची माती हातानं बाजूला करा. घाई करू नका, काटा शिरतो. दोन-तीन बोटं खाली गेलं की जुना काळपट कापलेला भाग लागेल. त्याच्या खाली खोड फुगून गाठाळ झालेलं दिसेल, आणि त्या गाठीच्या अंगावर बाजरीच्या दाण्याएवढे लालसर डोळे. काही झोपलेले, काही फुटायला लागलेले. ही बुडख्यातली. गाठबीठ काही नाही, एकच सरळ मुळी पेन्सिलीसारखी खाली गेली आहे, असं असेल तर ती बियातली.

या गाठीवरचे डोळे पहिल्यांदा नीट बघितले तेव्हा मला माझाच गाढवपणा कळला. आपण ऊस तोडताना गड्याला ओरडून सांगतो, “जमिनीलगत तोड रे, खोडवा चांगला फुटला पाहिजे.” खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडातून परत घेतलेलं पीक. आणि बाभळ अगदी तशीच जमिनीलगत तोडतो आणि ती मरेल म्हणून घरी जातो. खोडवाच धरतो आपण तिचा, दुसरं काय!

बुडख्यातून येत असेल तर

डोळ्यांचा पट्टा जमिनीच्या पातळीपासून साधारण वीतभर, फार तर फूटभर खाली जातो. त्याच्या खालच्या मुळाला सहसा फुटवा येत नाही. म्हणजे झाड मारायला सगळं मूळ काढायची गरज नाही, आणि ते शक्यही नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका खुल्या खाणीत या कुळातल्या झाडाचं मूळ 53 मीटर खोल सापडलं होतं. तेवढं खणायला आपल्याकडं ना माणसं ना पैसा. पट्टा तेवढा मुळापासून तोडून वर काढायचा, बाकीचं मूळ जमिनीत कुजू द्यायचं.

करायचं असं. बुडख्याभोवती हात-दीड हात रुंद आळं करा. माती काढत खाली जा, जोवर फुगलेला भाग संपून मूळ सारखं, गुळगुळीत होत नाही तोवर. तिथं कुऱ्हाडीनं तोडा. आजूबाजूची आडवी मुळं असतील तीही तोडा. मग पहार घालून गाठ उचला आणि बांधावरच टाकून देऊ नका. ओल मिळाली तर ती पडल्या जागीही हिरवी होऊ शकते, म्हणून उलटी करून उन्हात वाळवा, मग चुलीला घाला. मनगटाएवढ्या खोडाचं काम एक माणूस अर्ध्या तासात करतो. मांडीएवढं असेल तर दोन माणसांचा सकाळचा वेळ जातो.

एक गोष्ट मी उशिरा शिकलो. ओढ्याच्या तोंडाशी, बांधाच्या खालच्या अंगाला दरवर्षी गाळ साचतो. तिथल्या झाडाचं मूळचं बूड आजच्या पातळीच्या फूट-दीड फूट खाली गेलेलं असतं. तुम्ही वीतभर खणून तोडलं आणि खूश झालात, तर खरा पट्टा अजून खालीच आहे. म्हणून माप जमिनीवरून घेऊ नका, गाठीवरून घ्या. गाठ कुठं संपते ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

वेळ कधी? काळ्या रानात हा प्रश्न मोठा आहे. एप्रिल-मेमध्ये आपली जमीन दगड होते, कुदळ उडून अंगावर येते. मृग लागला की चिखल, आळ्यातून पाय निघत नाही. मला जमलेली वेळ म्हणजे पहिल्या दोन वळवांनंतरचे आठ-दहा दिवस. वरच्या चार बोटांना ओल, खाली भेगा अजून उघड्या, माती ढेकळानं सुटते. दुसरी वेळ दिवाळीनंतरची, ओल उतरायला लागल्यावर. वरचं लाकूड मात्र आधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेंगा पिकायच्या आत उतरवून घ्या. याचं कारण खाली बियाच्या भागात येईल.

कोळशाच्या गुत्त्याचं

पहिल्यांदा मी फसलो ते इथं. एक गुत्तेदार आला, म्हणाला, “तुम्हाला एक रुपया खर्च नाही, वर मीच पैसे देतो, बांध साफ करून देतो.” बांध साफ दिसलाही. गडी गुडघ्याएवढी खोडं ठेवून गेले, ओढ्याकडेला मातीच्या भट्ट्या लावल्या, कोळसा पोत्यांत भरून गेला. दोन वर्षांनी तोच माणूस परत आला, आणि तेव्हा लाकूड पहिल्यापेक्षा जास्त निघालं. मला राग आला, पण त्याच्या बाजूनं बघितलं तर त्याचं बरोबर आहे. एका जाड खोडापेक्षा बुडख्यातून फुटलेले मनगटी जाडीचे सात-आठ फोक त्याच्या भट्टीला सोयीचे. त्याला झाड मरायला नकोच आहे.

गुत्त्यानं द्यायचं तर द्या, लाकूड चांगलंच आहे, वीटभट्टीवालेही घेतात. पण बोली आधी ठरवा: बुडखा काढून देणार की नाही. देणार असेल तर लाकडाच्या पैशातले काही कमी घ्या आणि तेवढ्याचं काम बुडख्यावर करून घ्या. आणि निम्मा हिशेब पुढच्या पावसानंतर फुटवे बघून पुरा करा. याला बरेच गुत्तेदार तयार होत नाहीत. जो तयार होतो तो कामाचा.

जेसीबीचं

दुसऱ्या खेपेला, चिडून, तासावर जेसीबी आणला. तीन तासांत बांधाचं रान झालं. बकेटनं झाडं उपटली, पण काळ्या रानात ती उपटत नाहीत, मोडतात. निम्मी खोडं पातळीला मोडली, गाठ खालीच राहिली, आणि वरून चाकांनी माती दाबून बसवली. बांध खचला, तो भाग वेगळाच. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी रानात शिरलं आणि तुरीच्या चार ओळी घेऊन गेलं.

जेसीबी वाईट नाही. पडीक रान एकदम मोडायचं असेल, झाडं मांडीपेक्षा जाड असतील, तर त्याशिवाय भागत नाही. मात्र ऑपरेटरला शेजारी उभं राहून सांगावं लागतं: आधी बाजूची माती काढ, मग दातांनी गाठीखालून उचल, ढकलू नकोस. पुढच्या बकेटनं ढकललं की मोडलं. आणि नंतर एक माणूस कुदळ घेऊन मागं फिरवा, मोडलेली बुडं शोधायला. बांधावर मात्र मी परत कधी मशीन घालणार नाही.

औषध, डिझेल, मीठ, आग

दुकानात विचारलं की पहिलं उत्तर ‘टू-फोर-डी मारा’, हे तणनाशक. पानं जळतात, आठ दिवस समाधान मिळतं, मग बुडातून परत फुटतं. पानावर मारलेलं टू-फोर-डी या झाडाच्या बुडख्याला नीट पोचत नाही. वर आपल्या भागात त्याचा एक मोठा धोका आहे. कागवाड-अथणीकडं द्राक्षबागा आहेत, आणि द्राक्षाला या औषधाचा वाऱ्यावरचा तुषारसुद्धा सोसत नाही, शेंडे पंख्यासारखे आकसतात. कापूस, तूर, भाजीपाला यांचंही तेच. तुमच्या बांधावरून शेजाऱ्याच्या बागेत गेलं तर झाडापेक्षा मोठी भानगड उभी राहते.

बाहेरच्या देशांत ताज्या कापावर लगेच, काही मिनिटांच्या आत, ट्रायक्लोपायर नावाचं औषध डिझेलमध्ये मिसळून लावतात, ब्रशनं, फवारून नाही. तत्त्व बरोबर आहे. काप सुकला की झाड ते आत घेत नाही, म्हणून सकाळी तोडून संध्याकाळी लावलेलं फुकट जातं. पण आपल्याकडं कुठलंही औषध घेताना लेबलावर या कामाचा उल्लेख आहे का ते बघा आणि होबळीच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या जवळच्या कार्यालयात, विचारून घ्या. दुकानदार विकायला बसलाय.

नुसतं डिझेल ओतून झाड मरतं असं काही जण सांगतात. कधी मरतंही, डिझेल भेगेतून गाठीपर्यंत उतरलं तर. पण विहीर किंवा ओढा जवळ असेल तर ते करू नये, मी तरी केलं नाही. मीठ टाकणाऱ्यांना तर हात जोडतो. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात लोकांची रानं आधीच चोपण, म्हणजे क्षारानं खराब, झाली आहेत, निचरा करायला चर खणून पाईप टाकतायत, आणि आपण इथं पोत्यानं मीठ ओतायचं? त्यातही गंमत अशी की खारट जमीन या झाडाला इतर झाडांपेक्षा जास्त चालते. झाड राहील, जमीन जाईल.

आगीनं रोप मरतं, मोठं झाड मरत नाही. बुडख्याभोवती आळं करून वाळलेल्या शेणी रचून दोन दिवस धुमसत ठेवल्या तर गाठ जळते, हे मी शेजारच्या आप्पांच्या रानात बघितलंय. पण आळं करायचंच आहे तर कुऱ्हाडीनं का नाही तोडायचं, हे मला कळलं नाही. आप्पांनाही विचारलं. म्हणाले, “कुऱ्हाड चालवायला माणूस कुठाय?” तेही खरंच.

बियातून येत असेल तर

तिसऱ्या खेपेला मी बुडखे नीट काढले होते. एकही फुटला नाही. आणि तरी पुढच्या पावसाळ्यात बांधावर नाही, तर मधल्या रानात, ज्वारीच्या ओळींत, जिथं कधी झाड नव्हतं तिथं, रोपं उगवली. एकेक नव्हे, झुपक्यानं. बसून बघितलं तर प्रत्येक झुपक्याखाली लेंडीचा चुरा.

मार्च-एप्रिलमध्ये मी रानात मेंढरं बसवली होती. आपल्याकडं सगळेच बसवतात. दोन-तीन रात्री कळप रानात राहतो, लेंडीखताचं रान होतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. खत म्हणून याला तोड नाही. पण कळप दिवसभर गायरानात आणि ओढ्याला चरतो, आणि उन्हाळ्यात तिथं खायला असतं काय? येडीच्या शेंगा. पाला जनावरं तोंडाला लावत नाहीत, शेंग मात्र गोड, ती चवीनं खातात. बियाचं कवच टणक. गाई-बैलांच्या पोटातून बरंच बी शाबूत बाहेर येतं आणि पोटातल्या रसानं कवच नरमल्यामुळं उलट लवकर रुजतं. मेंढरं-शेळ्या जास्त चावतात, त्यांच्या पोटातून कमी येतं, पण तीन रात्री दोनशे मेंढरं म्हटल्यावर ‘कमी’ हा शब्द फसवा आहे.

मेंढरं बसवणं बंद करा असं मी म्हणणार नाही, स्वतःही केलेलं नाही. दोन गोष्टी बदलल्या. आता शेंगा पिकायच्या आधी, हरभरा निघाला की लगेच, फेब्रुवारीत बसवतो. आणि मेंढपाळाला विचारतो, “मामा, आठ दिवस कुठं चारलीत?” तो जालीच्या रानातून आला असेल तर आधी आठवडाभर दुसरीकडं जाऊ दे. एवढ्यात पोटातलं बहुतेक बी बाहेर पडतं. तो हसतो, पण सांगतो.

घरच्या जनावरांचं शेणखत हाही तोच रस्ता. उन्हाळ्यात जनावरं ओढ्याला सोडत असाल तर उकिरड्यातलं ताजं शेण थेट रानात नेऊ नका. ढीग ओला ठेवून, दोनदा खालीवर करून चांगला तापू द्या. वाफ निघणाऱ्या ढिगात बरंच बी मरतं. ढिगाच्या कडेला मात्र तापत नाही, तिथलं रुजतं. ते तिथंच उपटा.

तिसरा रस्ता आपण स्वतः तयार करतो. तोडलेल्या फांद्यांची काट्याची वई. शेंगा लागलेल्या फांद्या आणून वईला लावल्या की आपण रानाभोवती बी पेरलंच. म्हणून वर म्हटलं, शेंगा पिकायच्या आत तोडा.

आणि पाणी. शेंगा तरंगतात. ओढ्याला पूर आला की वरच्या गायरानातल्या शेंगा तुमच्या काठाला लागतात. 2019 च्या ऑगस्टच्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या पाहुण्यांच्या रानात, पुराची रेघ जिथपर्यंत होती त्या रेघेवर, ओळीनं रोपं आली होती. ओढ्याकाठी असाल तर दर पावसाळ्यानंतर त्या रेघेवरून एक चक्कर मारा.

रोप असतानाच

बियातल्या रोपाचा इलाज सोपा आहे, पण मुदत फार लहान. नुकतं उगवलेलं असताना खाली दोन जाड डाळी, म्हणजे बियातूनच निघालेली पहिली पानं, दिसतात. त्या डाळींच्या खालून खुरप्यानं कापलं तर ते मेलं. डाळींच्या वरून कापलं तर बेचक्यातून परत फुटतं. म्हणजे बोटभर उंचीवरच खोडवा धरायची सवय याला लागलेली असते! ज्वारीच्या पहिल्या खुरपणीत बायकांना हे दाखवून द्या, माती किंचित उकरून खालून कापा. एकदा दाखवलं की त्या आपल्यापेक्षा चांगलं करतात.

त्यानंतर वीतभर होईपर्यंत, जमीन ओली असेल तेव्हा, हातानं उपटतं. बुडाशी धरून सरळ वर ओढायचं, तिरकं ओढलं की तुटतं. वर वीतभर दिसलं तरी खाली मुळी हातभर गेलेली असते. एक पावसाळा काढला की कुदळ, दोन काढले की पहार. बी जमिनीत कित्येक वर्षं दबा धरून राहतं, त्यामुळं पहिल्या वर्षी साफ झालं म्हणून दुसऱ्या वर्षी जायचं सोडू नका.

रिकामी जागा हाही एक भाग. कोवळ्या रोपाला ऊन लागतं, दाट गवतात ते दबतं. बांध मोकळा ठेवला की पहिली तीच येते. मी मारवेल गवताचे ठोंब लावले, दोन पावसाळ्यांत बांध धरला, जनावरांना चाराही झाला. मधेमधे बोरी आणि शेवरी. गवत दाट झालं त्या भागात नवीन रोपं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सगळीकडची काढायचीच असं नाही

हे लिहिल्यावर काही जण चिडतील. पण चोपण पडलेल्या, वर्षानुवर्षं काही न येणाऱ्या तुकड्यावर, गायरानाच्या खडकाळ अंगाला, हे झाड सावली देतं, जळण देतं, फुलावर मधमाशी येते. तिथं ठेवायचं तर झुडूप ठेवू नका, झाड करा. एका बुडाचे सगळे फोक काढून एकच सरळ, जाड धरा, बाकी दर सहा महिन्यांनी छाटा. दोन-तीन वर्षांत वरचा घेर झाला की बुडातले फुटवे कमी होतात, खालून माणूस, जनावर जातं. शेंगा पडायच्या आधी काठीनं झोडून गोळा करा. भरडून जनावरांच्या खाद्यात घालता येतात, जोधपूरच्या काजरी या कोरड्या प्रदेशाच्या संशोधन संस्थेनं यावर काम केलंय, आणि भरडलं की बीही मरतं. फक्त सगळं खाद्य शेंगांचंच करू नका. महिनोन्महिने नुसत्या शेंगांवर राहिलेल्या शेळ्या-जनावरांच्या जबड्याच्या नसा जातात, तोंड वाकडं होतं, चावता येत नाही. खाद्याच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवा.

गायरान, कॅनॉलची कड, रस्त्याची बाजू इथलं झाड तोडायचं तर आधी पंचायतीत किंवा त्या खात्यात विचारा. जाली आहे म्हणून कोण विचारतंय, असं म्हणून पुढं गेलेल्याला नंतर चार चकरा मारताना मी बघितलंय.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो, हे झाड ऑक्सिजन देत नाही आणि हवेतलं पाणी ओढतं. हिरवं पान असलेलं झाड ऑक्सिजन देतंच. जमिनीतलं पाणी मात्र हे ओढतं, कोरड्या दिवसांतसुद्धा, आणि दाट वन असेल तर ते जाणवतं. तरी दहा झाडं काढली म्हणून बोअरला पाणी येईल, ही आशा धरू नका.

शेवटी काट्याचं, कारण याच्यावर कुणी लिहीत नाही. साधी चप्पल घालून हे काम करू नका, काटा तळव्यातून वर येतो. टोक आत मोडलं तर आठ दिवसांनी सूज येते, आणि सांध्याजवळ मोडलं असेल तर घरच्या सुईनं उकरत बसू नका, डॉक्टरकडं जा. माझ्या अंगठ्याच्या सांध्यात मोडलेलं टोक मी महिनाभर तसंच ठेवलं होतं. ट्रॅक्टर आणायच्या आधी फांद्या एका जागी ओढून घ्या, बायका दाताळ्यानं राहिलेले काटे गोळा करतात, तेवढी मजुरी टायरच्या पंक्चरपेक्षा स्वस्त पडते.

यंदा वळवानंतर बांधावरून फिरलो. जुन्या बुडख्यातून फुटलेले दोनच सापडले, दोन्ही ओढ्याच्या तोंडाशी, गाळाखाली. लेंडीतली रोपं एकतीस. ती खुरप्यावर गेली. त्या दोघांसाठी परवा पहार घेऊन जायचंय, जमीन अजून ओली आहे तोवर.